ॲडम्स घराण्याची कागदपत्रे

अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स (१७३५–१८२६), त्यांच्या पत्नी ॲबिगेल (१७४४–१८१८), सहावे राष्ट्राध्यक्ष झालेले पुत्र जॉन क्विन्सी (१७६७–१८४८) आणि पुढच्या पिढ्या यांची पत्रे, रोजनिश्या, नक्कलवह्या व किरकोळ कागद यांचा संग्रह. तो बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. पाने अडीच लाखांहून अधिक. १९५४ ते १९५९ या काळात त्यांची मायक्रोफिल्म झाली, तिला ६०८ रिळे लागली.

एवढे कागद टिकले ते घरच्यांच्या हट्टामुळे. ॲबिगेलनी आपली पत्रे जाळून टाका असे सुचवले, तेव्हा २८ एप्रिल १७७६ च्या पत्रात जॉननी कळवले, की त्याआधी मला तुला विसरावे लागेल. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फियात एक मोठी कोरी वही घेतली आणि पाठवलेल्या पत्रांच्या नकला तिच्यात उतरवायला सुरुवात केली. म्हणून अनेक पत्रांच्या दोन प्रती सापडतात: पत्त्यावर पोचलेली आणि वहीतली. या दोन्ही जुळतीलच असे नाही. वहीत लिहिलेले वाक्य प्रत्यक्ष पाठवताना गाळलेले असते, कधी तारीख वेगळी पडते, कधी वहीतले पत्र रवानाच झालेले नसते. पत्र उद्धृत करताना कोणती प्रत हाताशी आहे हे सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

त्या काळी पाकीट वापरत नसत. मोठा ताव मधोमध दुमडला की चार पाने होत. तीन पानांवर मजकूर लिहायचा, चौथे पत्त्यासाठी मोकळे ठेवायचे, मग घडी घालून लाखेने किंवा चिकट टिकलीने बंद करायचे. टपालाचे शुल्क तावांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, म्हणून समासही भरून टाकलेले दिसतात. पत्र फोडताना लाखेखालचा कागद फाटे आणि त्याबरोबर शेवटच्या पानातले चार-सहा शब्द जात. छापील आवृत्तीत चौकोनी कंसात दिसणारे शब्द पुष्कळदा या भोकांतले, संपादकाने अंदाजाने भरलेले असतात. पत्र मिळालेला माणूस घडीच्या पाठीवर पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख टिपून ठेवी. बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरवायला ही टीप फार उपयोगी पडते. शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. चिंध्यांपासून केलेला कागद चांगला टिकतो, पण ही शाई आम्लयुक्त असते. दमट हवेत ती तपकिरी पडते, आणि जाड रेघेच्या जागी कागद कुरतडला जातो.

स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या काळात पत्रे वाटेत पकडली जाण्याची धास्ती खरीच होती. २४ जुलै १७७५ ची जॉन यांची दोन पत्रे, एक ॲबिगेलना आणि एक त्यांचे मित्र जेम्स वॉरन यांना, ब्रिटिशांच्या हाती लागून ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापली गेली. वॉरन यांना लिहिलेल्या पत्रात वसाहतींच्या काँग्रेसमधले सहकारी जॉन डिकिन्सन यांना मोठ्या संपत्तीचा पण क्षुद्र बुद्धीचा माणूस म्हटले होते. पुढे डिकिन्सन यांनी रस्त्यात ओळख दाखवली नाही, हे जॉननी रोजनिशीत नोंदवले आहे. ॲबिगेल ‘पोर्शिया’ (रोमन ब्रूटसची पत्नी) अशी सही करत. त्यात काव्य होते, तशी सावधगिरीही.

जॉन क्विन्सी यांनी बाराव्या वर्षी, १७७९ मध्ये रोजनिशी धरली आणि १८४८ पर्यंत चालवली: ५१ खंड, १४,००० हून अधिक पाने. काही वर्षांत ते एकाच दिवसाची सविस्तर नोंद एका वहीत आणि एका ओळीची दुसरीत करत, त्यामुळे एक वही पाहून ‘त्या दिवशी काही लिहिले नाही’ म्हणणे धोक्याचे. त्यांचे पुत्र चार्ल्स फ्रान्सिस यांनी १८७४–७७ मध्ये तिच्यातून निवडक मजकूर १२ खंडांत छापला, पण घरगुती भाग बराच वगळला. आजीची पत्रे छापतानाही त्यांनी तिची शुद्धलेखनाची मनमानी दुरुस्त केली. वाचायला ते सोयीचे झाले, पण आवाज बदलला. कागद आगीपासून वाचावेत म्हणून त्यांनी १८७० मध्ये क्विन्सी गावच्या घराशेजारी दगडी ग्रंथालय बांधले, हे श्रेय मात्र त्यांचेच.

१९०५ मध्ये घराण्याने ५० वर्षांसाठी विश्वस्त निधी स्थापून कागदांचा ताबा आपल्याकडे ठेवला. १९५६ मध्ये मालकी सोसायटीकडे गेली. लायमन बटरफिल्ड यांच्या संपादनाखाली मूळाबरहुकूम आवृत्तीचे पहिले चार खंड १९६१ मध्ये निघाले. तिच्यात खोडलेले शब्दही दाखवतात. नावे पिढ्यान्‌पिढ्या तीच असल्याने संपादक आद्याक्षरांना आकडा जोडतात: ‘एए’ म्हणजे ॲबिगेल, ‘एए२’ म्हणजे त्यांची मुलगी. हा आकडा नजरेआड झाला की आईची पत्रे मुलीच्या नावावर चढतात.

जॉन आणि ॲबिगेल यांची एकमेकांना लिहिलेली ११०० हून अधिक पत्रे १७६२ ते १८०१ या काळातली आहेत, पण ती सलग नाहीत. १७८४ ते १७८८ मध्ये दोघे युरोपात एकत्र होते, तेव्हा पत्रे तुरळक आहेत. १८०१ नंतर ती जवळजवळ थांबतात, कारण जॉन निवृत्त होऊन घरी आले होते.