क्लॅम्बर

हातापायांनी धरत, टेकत, अवघडून चढणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. चढण उंच असण्याची गरज नाही. चढणाऱ्याचा डौल मात्र सुटलेला हवा.

व्युत्पत्ती : हा शब्द मध्य इंग्रजीत साधारणतः १४ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ‘क्लाइम’ (चढणे) या क्रियापदाच्या ‘क्लाम्ब’ या जुन्या भूतकाळी रूपाला पौनःपुन्यदर्शक ‘-अर’ प्रत्यय लागून तो झाला. दुसरे मत त्याचा संबंध प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियातील जुनी भाषा) ‘क्लेम्ब्रा’ (अडकवून धरणे) याच्याशी जोडते. जर्मनमधील ‘क्लामर्न’ (घट्ट धरून राहणे) हाही याच गोतावळ्यातला. भूतकाळी रूपावरून नवे क्रियापद घडणे काहीसे विरळ, शिवाय धरून राहण्याचा भाव अर्थाशी जवळचा. म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि ‘क्लाइम’चे मूळही ‘चिकटणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूत शोधले जाते. तेव्हा दोन्ही मतांतले अंतर दिसते तेवढे नसावे. ‘क्लाइम’च्या शेवटचा ‘ब’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही. ‘क्लॅम्बर’मध्ये तो ऐकू येतो.

उपयोग : खानदेशातील उदाहरणे घेतल्यास, निसणीने (शिडीने) धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जाणे हे साधे ‘क्लाइम’. कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाडीवर बसायचे, तर चाकाच्या आऱ्यावर पाय, दोराला हात आणि शेवटी पोटावर सरकत वर, हे क्लॅम्बर. दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातील अस्तंब्याला अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी यात्रेकरू जातात. त्या वाटेवर खडकाला हात टेकावा लागतो तेवढ्याच टप्प्याला हे क्रियापद लागू पडेल. गिर्यारोहणात अशा चढाईला ‘स्क्रॅम्बल’ म्हणतात आणि तिची श्रेणीही ठरवतात. क्लॅम्बर बोलीव्यवहारातच राहिला. वेलींनाही तो लावतात.

इंग्रजीत याच क्रियापदाने उतरताही येते, गाडीत शिरताही येते. मराठी ‘चढणे’ वरच्या दिशेला बांधलेले असल्याने तेथे ‘कसाबसा उतरला’, ‘धडपडत आत शिरला’ असे करावे लागते. जुन्या मराठीत चढण्यासाठी ‘वेंघणे’ होते; ते आता मागे पडले. अहिराणीत ‘हात टेकी टेकी चढना’ म्हटले की काम भागते.