पाण्यावर गाडी चालते का?

'पाण्यावर चालणारी गाडी निघाली होती, पेट्रोल कंपन्यांनी दाबून टाकली' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पाण्यातून हायड्रोजन निघतो आणि तो जळतो, इथपर्यंत सगळं खरं. पण १८ ग्रॅम पाणी फोडायला साधारण २८६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि निघालेला हायड्रोजन जाळला की तेवढीच परत मिळते, तीही फार तर. इंजिनात त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन वाया जाते. मग पाणी फोडायला वीज देणारी गाडीतली बॅटरी पुन्हा भरणार कशातून? पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, चुलीतली राखच म्हणा ना!

अमेरिकेत स्टॅनली मेयर यांनी असाच दावा करून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले. १९९६ मध्ये ओहायोतल्या न्यायालयात तज्ज्ञांनी त्यांचं यंत्र तपासलं, तर ते साधं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं. पैसे परत करायचा हुकूम झाला.