सोमवारी तुमच्याकडे आलेला बनावट ई-मेल बुधवारी कुठे जातो?

पतसंस्थांमधल्या सायबर इशाऱ्यांची देवाणघेवाण : आमच्या ग्राहक संस्थांसाठी माहितीपत्रक

सोमवारी सकाळी लेखा विभागात एक ई-मेल येतो. पाठवणारा म्हणून तुमच्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराचं नाव, सोबत 'तातडीचं अपडेट' म्हणून एक फाइल. पत्त्यातलं एक अक्षर कर्मचाऱ्याला खटकतं आणि तो मेल उडवून टाकतो. तुमच्यापुरता विषय संपला. पण तेच सॉफ्टवेअर इतरही पतसंस्था वापरतात, चोराला ते माहीत असतं, आणि बुधवारी दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत ती फाइल उघडली जाते. तुमचा सोमवार त्यांच्या बुधवारच्या आत पोचवणं, हे या सेवेचं काम.

असा इशारा वेळेत न पोचणं मोठ्या बँकांनाही महागात पडलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये इक्वाडोरच्या बांको देल आउस्त्रो या बँकेतून स्विफ्ट या बँकांमधले पैशांचे आदेश देशोदेशी नेणाऱ्या यंत्रणेवर खोटे आदेश पाठवून सुमारे १.२ कोटी डॉलर पळवले गेले. ही बाब खुद्द स्विफ्टच्या कानावर गेली नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर तशाच धाटणीने गेले. इक्वाडोरचं प्रकरण लोकांसमोर आलं ते त्यानंतर, मे महिन्यात. आधी कळलं असतं तर दुसरी चोरी टळलीच असती, असं आम्ही छातीठोक म्हणणार नाही. पण कुठे नजर ठेवायची हे तरी ठाऊक असतं.

काय पाठवायचं, काय नाही

संशयास्पद मेलचा पत्ता, बनावट संकेतस्थळाचं नाव, आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकाचा क्रमांक, फाइलचा हॅश म्हणजे तिचा अंकाक्षरी ठसा, घटनेची वेळ, आणि चोराने काय केलं याच्या चार ओळी. सभासदाचं नाव, खाते क्रमांक, शिल्लक किंवा मोबाइल क्रमांक यांतलं काहीही नको. चुकून आलंच तर आम्ही ते पुढे न पाठवता खोडतो आणि तुम्हाला तसं कळवतो.

एक कळकळीची विनंती : मेलचा स्क्रीनशॉट पाठवू नका. मेल कुठून कसा आला याच्या खुणा त्याच्या हेडरमध्ये असतात आणि चित्रात त्या येत नाहीत. मूळ मेल फाइल म्हणून जतन करा आणि पासवर्ड लावलेल्या झिपमधून पाठवा. लिंक लिहून कळवायची असेल तर बिंदूभोवती चौकटी कंस घाला, म्हणजे पुढच्या माणसाचं बोट चुकून तिच्यावर पडलं तरी ती उघडणार नाही.

त्या चार ओळींना आम्ही सर्वांत जास्त किंमत देतो. फाइलमधला एक बाइट बदलला की हॅश बदलतो, आयपी पत्ता तर चोर रोज नवा घेतो. काम करायची सवय मात्र सहज बदलत नाही. 'शुक्रवारी कामकाज संपताना फोन आला, दूरस्थ जोडणीचं ॲप टाकायला सांगितलं', हे वाक्य शंभर आयपी पत्त्यांपेक्षा जास्त दिवस उपयोगी पडतं.

कोण वाचू शकेल

प्रत्येक इशाऱ्यावर टीएलपीचा, म्हणजे माहिती कुणापर्यंत जाऊ द्यायची हे सांगणाऱ्या 'ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल'चा रंग असतो. लाल म्हणजे फक्त समोरच्या व्यक्तीसाठी. अंबर म्हणजे संस्थेत, आणि गरज असेल तर तिच्या ग्राहकांत, तेही ज्याला कळणं आवश्यक आहे त्यालाच. 'अंबर स्ट्रिक्ट' असेल तर संस्थेबाहेर अजिबात नाही. हिरवा सगळ्या सहभागी समूहासाठी. २०२२ पर्यंत ज्याला पांढरा म्हणत तो आता 'क्लिअर', त्यावर बंधन नाही. रंग पाठवणारा ठरवतो, आम्ही नाही.

'आमचं नाव फुटलं तर ठेवीदार रांग लावतील', ही संचालक मंडळाची भीती खोटी नाही. म्हणून तुमची नोंद आमच्या नावाने जाते. आम्ही मिस्प हे अशा इशाऱ्यांच्या देवाणघेवाणीचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो आणि दुसऱ्याच्या वतीने प्रसिद्ध करायची सोय त्यात आहे. तुम्हाला वेगळा सर्व्हर लागत नाही. नियामकाला किंवा पोलिसांना कळवायची तुमची कायदेशीर जबाबदारी मात्र यामुळे संपत नाही.

'खात्री झाली की कळवू' असं म्हणू नका. खात्री होईपर्यंत बुधवार उलटून जातो. संशय असेल तर 'संशय' असंच लिहा, पडताळणी आम्ही करतो.

इशाऱ्यांतून आलेली संशयास्पद पत्त्यांची यादी फायरवॉलमध्ये, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत, डोळे झाकून टाकू नका. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो प्रामाणिक संकेतस्थळं असू शकतात. अशा याद्यांत ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ताही घुसतो, आणि तो अडवला की त्यावर चालणारं इंटरनेट बंद! असे पत्ते आम्ही आधी चाळून काढतो. तरीही प्रत्येक नोंदीला मुदत असते, ती संपली की काढून टाका.

सुरुवात करायला दोन नावं द्या : इशारा उघडून बघणारा एक आणि तो रजेवर असताना बघणारा दुसरा. दुसऱ्या नावासाठी आम्ही हटून बसतो. बांगलादेशात खोटे आदेश गुरुवारी रात्री गेले. शुक्रवारी तिथे साप्ताहिक सुट्टी, मग शनिवार-रविवार पैसे जिथे ठेवले होते ती न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक बंद, आणि पैसे जिथे पोचले त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी.