शिकरणात कॉफी

पिकलेलं केळं, दूध, साखर, आवडत असेल तर वेलदोड्याची पूड. शिकरण करायला मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यात चमचाभर कॉफी घालून मिक्सरमधून फिरवलं, की उन्हाळ्यातल्या सकाळी पाच मिनिटांत पोटाला आधार देणारं गार पेय तयार होतं. केळ्याऐवजी संत्रं घेतलं, तर मात्र भांड्यात चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. असं का होतं, हे कळलं की कुठलं फळ घ्यायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

सगळा प्रश्न दुधाचा आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि दूध एकजीव राहतं. ताज्या दुधाचा सामू (पीएच) ६.७ च्या आसपास असतो. आंबटपणा वाढून तो ४.६ कडे उतरला, की भार नाहीसा होतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात. दही लागतं ते यामुळेच. कॉफीचा सामू साधारण ५, संत्र्याच्या रसाचा ४ च्याही खाली. कॉफीनं दूध आधीच थोडं उताराला लागलेलं असतं, संत्रं उरलेला धक्का देतं. त्यात कॉफी गरम असेल तर फाटणं आणखी लवकर होतं. पिकलेलं केळं ५ च्या आसपास राहतं, म्हणून ते दुधाला चालतं.

‘दूध आणि केळं म्हणजे विरुद्ध आहार’ असं अनेक घरांत म्हणतात. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी टाळावं, यात वाद नाही. पण दूध पोटात जाऊन फाटेल ही भीती असेल, तर जठरातल्या आम्लानं नुसतं दूधही फाटतंच. ते पचण्याची सुरुवातच तिथून होते.

अननसाचा त्रास वेगळा आहे. त्यात आंबटपणाबरोबर ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. म्हणून न शिजवलेल्या अननसाचं मिल्कशेक थोडा वेळ ठेवलं तर कडवट लागतं. अननस शिजवला की हे विकर निकामी होतं. दूध घालून केलेला अननसाचा शिरा कडू होत नाही, तो त्यामुळेच.

आता केळ्याकडे येऊ. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या. हिरव्या केळ्याच्या गरात २० टक्क्यांहून जास्त पिष्ट असतं. पूर्ण पिकेपर्यंत त्यातलं बहुतेक साखरेत बदलतं. ही गोडी इथे फार कामाची आहे, कारण गार पदार्थात जिभेला गोड कमी कळतं. गोड चव ओळखण्याच्या साखळीतलं टीआरपीएम५ नावाचं जिभेतलं प्रथिन थंडीत मंदावतं. वितळलेलं आइस्क्रीम नकोसं गोड लागतं, तेच इथे उलट्या बाजूनं. कॉफीचा कडवटपणा उरलाच तर चिमटीभर मीठ घालून बघा. मिठातलं सोडियम कडू चव दाबतं, आणि एवढंसं मीठ खारट लागत नाही.

केळ्याच्या चकत्या करून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. गरात तीन चतुर्थांश पाणी असलं, तरी विरघळलेल्या साखरेमुळे ते दगडासारखं गोठत नाही. पात्याखाली त्याचा बारीक चुरा होतो, पेक्टिन तो धरून ठेवतं, आणि साय न घालताच पेय दाट होतं. बर्फाचे खडे घातले तर ते वितळतात आणि चव पाणचट होते.

एका पेल्यासाठी एक केळं, पाऊण कप गार दूध आणि सपाट चमचाभर इन्स्टंट कॉफी पुरते. कॉफी आधी दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवा, गार होऊ द्या, मग भांड्यात ओता. कढत कॉफी बंद भांड्यात कधीच फिरवू नका. आतली हवा तापून फुगते, वाफ वाढते आणि झाकण उडून हात-तोंड भाजू शकतं. लहान मुलांच्या पेल्यात कॉफी नकोच, त्यांना शिकरण पुरे.

पेय झालं की लगेच प्यावं. केळं चिरडलं की त्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज मोकळं होतं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं ते याच जातीच्या विकरामुळे. कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्लही त्याच्या तावडीत सापडणाऱ्या पदार्थांपैकी आहे. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी केळ्याची स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरातले फ्लॅव्हनॉल, म्हणजे बेरी-कोकोत असणारे आरोग्याला उपयोगी मानले जाणारे पदार्थ, मोजले. नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेतली होती तेव्हापेक्षा ते ८४ टक्के कमी भरले. तो प्रयोग कॉफीवर नव्हता, त्यामुळे तोच आकडा इथे लावता येणार नाही. पण बेरी किंवा कोको खास आरोग्यासाठी घालणार असाल, तर केळं त्यांच्या जोडीला नको.

मला स्वतःला कॉफीबरोबर केळ्यापेक्षा चिकू जास्त आवडतो. तो आंबट नसतो, गोठवला तरी मऊ फिरतो, आणि त्याची जळक्या साखरेसारखी गोडी भाजलेल्या कॉफीला अगदी जवळची. डहाणू-घोलवडचे चिकू बाजारात आले, की चार सोलून, बिया काढून फ्रीझरमध्ये ठेवाच.