पार्श्वभूमी : अनुकरण, अहिंसा आणि ठाण्याचे चार फ्रान्सिस्कन

१३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे असीसीच्या फ्रान्सिसच्या संन्यासी संघातले बंधू, मारले गेले. ते मरण ख्रिस्ताचे अनुकरण होते का, हा इथला प्रश्न. मी ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा, असे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिले (१ करिंथ ११:१). ख्रिस्ताचे नेमके काय उचलायचे हे मात्र त्या ओळीत नाही. त्याचे मरण, की मरणाआधीचे त्याचे वागणे? सुरुवातीच्या काळात अनेकांनी मरणाकडे धाव घेतली आणि मंडळीला, म्हणजे चर्चला, त्यांना लगाम घालावा लागला. स्मुर्नाचे (आजच्या तुर्कस्तानात) वृद्ध बिशप पोलिकार्प यांना इ. स. १५५ च्या सुमारास श्रद्धेसाठी जाळले, त्या वृत्तांतात फ्रुगियाच्या एका माणसाची नोंद आहे. तो आपणहून रोमन अधिकाऱ्यांपुढे गेला, बरोबर इतरांनाही नेले आणि आपल्यावर सोडली जाणारी श्वापदे दिसताच त्याने कच खाल्ली. आपणहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, शुभवर्तमानाची ती शिकवण नाही, असे वृत्तांत स्पष्टच म्हणतो. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधील एल्विराच्या धर्मसभेने ६० वा नियम केला : मूर्ती फोडताना कोणी जागीच मारला गेला तर त्याला रक्तसाक्षींत (श्रद्धेसाठी मेलेल्या हुतात्म्यांत) धरू नये. डिवचून ओढवून घेतलेले मरण आणि चालून आलेले मरण यांत मंडळी इतक्या आधीपासून फरक करत आली आहे.

मधली नऊशे वर्षे इथे सोडून देतो. ठाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची सालं १२२१ आणि १२२३. त्याआधी, १२२० मध्ये, मोरोक्कोत पाच फ्रान्सिस्कन मारले गेले होते. १२२१ च्या संघाच्या नियमावलीत संस्थापक फ्रान्सिसने सोळावा अध्याय घातला : मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंनी दोन रीतींनी राहावे. पहिली रीत म्हणजे वादविवाद न करता, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करणे. दुसरी म्हणजे देवाची इच्छा दिसली तर उघड उपदेश करणे. वादाला मनाई करणारे इतके स्वच्छ वाक्य त्या काळच्या ख्रिस्ती लेखनात विरळाच. पण पोपची मान्यता मिळाली ती १२२३ च्या आखूड नियमावलीला. तिच्यात जाणाऱ्याने वरिष्ठांची परवानगी घ्यावी एवढेच उरले. दोन्ही रीती गळाल्या. शंभर वर्षांनी ठाण्याच्या किनाऱ्याला लागलेले बंधू या दुसऱ्या मजकुराखाली वाढलेले होते.

ते निघाले होते इराणच्या आखातातल्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला. जहाज ठाण्याला लागले. गावात नेस्तोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, त्यांतल्या एका घरी चौघे उतरले. सोबतचा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका संन्यासी संघाचा बंधू, पुढे सोपारा-भडोचच्या बाजूला गेला, म्हणून वाचला. एका संध्याकाळी यजमानाने बायकोला मारले. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे तिने सांगितली. चौकशी घरगुती मारहाणीची होती. पण हे लोक धर्मग्रंथ जाणतात, त्यांच्याशी वाद करावा, असे दरबारातल्या एकाने सुचवले आणि फिर्याद बाजूलाच राहिली. त्या बाईला न्याय मिळाला की नाही, हे या घटनेचा वृत्तांत सांगत नाही. मला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

वाद ख्रिस्ताच्या देवत्वावर सुरू झाला. तिथपर्यंत बंधू आपल्या श्रद्धेविषयी बोलत होते. मग काझीने विचारले, आमच्या प्रेषिताविषयी तुमचे मत काय? त्यांनी आधी टाळले : ख्रिस्त कोण हे आम्ही सांगितले आहे, बाकीचे तुम्ही ठरवा. पुन्हा विचारले, दबाव आला, आणि त्यांतल्या वडीलधाऱ्याने अत्यंत कठोर शब्दांत उत्तर दिले. त्यानंतर उन्हात उभे करणे, आग आणि शेवटी तलवार. परंपरेनुसार तिघे ९ एप्रिल १३२१ ला मारले गेले आणि चौथा ११ एप्रिलला.

या उत्तरावर आजही मतभेद आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात की येशूनेही यहुदी महायाजकाला ‘मी आहे’ असे ठाम सांगितले (मार्क १४:६२), गप्प बसणे म्हणजे नाकारणे ठरले असते. युक्तिवादात जोर आहे. पण येशूचे ते उत्तर स्वतःविषयी होते. रोमन सुभेदार पिलातापुढे आरोपांची सरबत्ती झाली तेव्हा तो गप्प राहिला (मार्क १५:५). शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा ‘का मारतोस?’ असे विचारले (योहान १८:२३), उलट शिवी दिली नाही. दुसऱ्याच्या पूजनीय व्यक्तीविषयी निवाडा देणे हे या तिन्हींपैकी कशाचेही अनुकरण नाही. चौघांचे धैर्य निर्विवाद आहे, हातात शस्त्र घेतले नाही हेही खरे. मात्र १२२१ ची पहिली रीत त्या क्षणी सुटली, असेच मला वाटते.

वृत्तांत बंधूंच्या बाजूचाच आहे हे धरून वाचायला हवे. तरी त्यातही स्थानिक मलिक (मुस्लिम अंमलदार) त्यांना रातोरात खाडीपलीकडे पाठवून वाचवू पाहतो, आणि नंतर काझीच्या दबावापुढे नमतो. पुढे दिल्लीच्या सुलतानाने याच मलिकाला मृत्युदंड दिला, असे तोच वृत्तांत सांगतो. म्हणजे मारणारे, वाचवू पाहणारे आणि शिक्षा देणारे, सगळे एकाच धर्माचे. ही गोष्ट आज एखाद्या समाजावर बोट रोखायला वापरली जाते तेव्हा हा भाग हटकून गाळलेला असतो.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकात विचाराची दिशा बदलली. येशूच्या डोंगरावरील प्रवचनावरचे टॉल्स्टॉयचे लेखन गांधींनी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचले. १९५९ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग गांधींचा मार्ग समजून घ्यायला भारतात आला. ख्रिस्ती अहिंसा ख्रिस्ती जगाला बरीचशी अशी भारतातून परत मिळाली. मग अमेरिकेत शिकवणाऱ्या रने जिरार या फ्रेंच अभ्यासकाने १९६१ पासून अनुकरणाचीच उकल केली. त्याची मांडणी थोडक्यात अशी. इच्छा उसनी असते. दुसऱ्याला हवे म्हणून आपल्याला हवे. दोघांचा हात एकाच वस्तूवर पडला की स्पर्धा, मग वस्तू विसरली जाते आणि दोघे एकमेकांची नक्कल करत वार-प्रतिवार करतात. भांडण साथीसारखे पसरते. शेवटी सगळ्यांचे बोट एकावर येते, तो संपतो, शांतता होते. येशूच्या खटल्यात गालीलचा राजा हेरोद आणि पिलात त्याच दिवशी मित्र झाले, हे लूकचे वाक्य (२३:१२) इथे चपखल बसते. शुभवर्तमाने हीच गोष्ट बळीच्या बाजूने सांगतात, हा त्याचा मुख्य दावा. ख्रिस्ताच्या मरणाला यज्ञ म्हणू नये असे त्याने १९७८ मध्ये ठासून लिहिले. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एका जेझुइट (कॅथलिक संन्यासी संघातल्या) धर्मशास्त्रज्ञाशी झालेल्या दीर्घ संवादानंतर ते मत त्याने १९९० च्या दशकात जाहीरपणे सौम्य केले.

ही उकल लोकसंस्कृतीला लावताना गफलती होतात. ठाण्यात तलावपाळीच्या चर्चपासून हंडीसाठी ओळखला जाणारा टेंभी नाका चालत जाण्याजोगा आहे, तेव्हा ठाण्याची दहीहंडीच घेऊ. एका नेत्याची हंडी उंच, म्हणून दुसऱ्याची आणखी उंच. एकाचे बक्षीस लाखांत, म्हणून दुसऱ्याचे त्याहून मोठे. आठ थरांची सलामी कालपर्यंत पुरेशी होती, आज नवाशिवाय टाळी नाही. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा आणि १८ वर्षांखालील मुलांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली, आणि त्याच वर्षी ठाण्यात ती उघडपणे मोडली गेली. मर्यादा घातली की ती मोडण्यातच मान दिसू लागतो. २०१७ मध्ये उंचीची अट निघाली, वयाची १४ वर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला.

इथपर्यंत मांडणीचा पहिला भाग, म्हणजे उसनी इच्छा आणि स्पर्धा, नीट लागू पडतो. दुसरा भाग पडत नाही. थर कोसळून जखमी झालेल्या मुलाला ‘बळी’ म्हणायची घाई प्रवचनांतही होते. पण त्या मांडणीत बळी ठरायला दोन अटी आहेत : जमाव एकमताने विरोधात हवा, आणि तो दोषी आहे अशी जमावाची खात्री हवी. पडलेल्या गोविंदाला कोणी दोषी धरत नाही. त्याला उचलायला आधी धावतात ते त्याच्याच पथकातले. तिथे प्रश्न निष्काळजीपणाचा आहे : हेल्मेट, वरच्या मुलाला दोर, खाली गादी, जवळ रुग्णवाहिका, आणि आयोजकाची जबाबदारी. निवडणुकीच्या काळात मात्र दोन्ही अटी पुऱ्या होताना दिसतात. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे गट परप्रांतीय फेरीवाला किंवा एखादी वस्ती समोर आली की एका सुरात बोलू लागतात. ख्रिस्ती मंडळातल्या चर्चेने हंडीपेक्षा आधी तिकडे पाहायला हवे.