एसजीपीटी हजारांत आलं म्हणजे कावीळच का?
(आयसीयूतल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक)

लिव्हरचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक काउंटरवरच उभ्या उभ्या एसजीपीटीचा (यकृताच्या पेशींतल्या एका एन्झाइमचा) आकडा शोधतात. एरवी साधारण 40 च्या आत असणारा आकडा अडीच-तीन हजार दिसला की प्रश्न ठरलेला: "कावीळ झाली का हो?" तीही शक्यता असते. पण रुग्णाचा बीपी नुकताच फार खाली गेला असेल, तर डॉक्टर आधी 'शॉक लिव्हर'चा विचार करतात. म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून यकृताला झालेली इजा.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, आतड्यांकडून फिरून आलेलं. उरलेलं धमनीतून, ताजं. आतड्यांनी बराच ऑक्सिजन आधीच वापरलेला असतो, त्यामुळे धमनीचा वाटा लहान असूनही ऑक्सिजनची जवळपास निम्मी गरज तीच भागवते. या दुहेरी सोयीमुळे एकच वाहिनी तुंबून यकृताचा तुकडा मरणं तसं दुर्मीळ. प्रत्यारोपण केलेल्या यकृताची गोष्ट वेगळी: तिथे धमनीत गुठळी झाली तर पित्तनलिकाही धोक्यात येतात, कारण त्यांची सगळी भिस्त धमनीवर.

जास्त वेळा वाहिन्या मोकळ्या असतात, पण रक्ताला दाबच नसतो. मोठा हार्ट अटॅक, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), अपघातातला रक्तस्राव, पावसाळ्यात डेंग्यूचा शॉक. हृदय आधीपासून कमजोर असेल तर यकृतात रक्त तुंबलेलंच असतं, मग बीपी थोडा घसरला तरी पुरतो. यकृताच्या प्रत्येक बारीक कप्प्यात रक्त कडेकडून मधल्या शिरेकडे वाहतं. कालव्याचं पाणी कमी झालं की टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची शेतं आधी वाळतात, तशा मधल्या पेशी आधी मरतात आणि त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात.

रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी आणि एलडीएच ही तिन्ही एन्झाइम्स एकदम उसळतात, एक ते तीन दिवसांत शिखर गाठतात आणि रक्ताभिसरण सुधारलं की झपाट्याने उतरतात. एसजीओटी आधी उतरतं, एसजीपीटी मागून. विषाणूजन्य काविळीत हीच उतरण सहसा काही आठवडे चालते. म्हणूनच डॉक्टर रोज सॅम्पल मागवतात. लॅबचं बिल वाढवायला नव्हे.

मात्र आकडा उतरला एवढ्यावर पेढे वाटू नका. पेशीच फार उरल्या नसतील तरी तो उतरतो. यकृत काम करतंय का, हे कळायला सोबत पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) आणि शुगर कशी आहे, ते डॉक्टरांना विचारा. एसजीपीटी उतरत असताना बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) दोन-चार दिवस थोडं चढू शकतं. ते बऱ्याचदा दिसतं.

यावर वेगळं औषध नाही. मूळ कारणावर उपचार, बीपी आणि ऑक्सिजन सांभाळणं, हाच इलाज. कोणी सांगितलं म्हणून काविळीचं गावठी औषध आयसीयूत चोरून पाजू नका, आधीच दुखावलेल्या यकृताला ते महागात पडू शकतं. पॅरासिटामॉलच्या जास्त डोसनेही आकडे हजारांत जातात. तेव्हा घरी काय काय घेतलं होतं, ते डॉक्टरांना न लपवता सांगा.

कधी आम्ही पुन्हा रक्त मागतो. नळीतलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) पिवळसर हवं. गुलाबी दिसलं तर तांबड्या पेशी फुटलेल्या असतात आणि एलडीएच, एसजीओटी खोटे वाढतात. त्या दुसऱ्या सॅम्पलचे पैसे आम्ही घेत नाही. येताना आधीचे रिपोर्ट तारखेनिशी आणा, म्हणजे नवे आकडे जुन्यांशेजारी लावून देता येतील.