हाकेच्या पलीकडची जमीन

कृषी प्रदर्शनात ठिबकच्या स्टॉलवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'इस्रायलनं ओसाड वाळवंट फुलवलं.' ठिबकचं मोल आपल्या द्राक्षबागायतदारांना ठाऊक आहेच. माझा आक्षेप 'ओसाड' या शब्दाला आहे. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटात बेदुईन, म्हणजे कळप पाळणारे अरब लोक, पिढ्यान् पिढ्या राहत होते, जव-गहू पेरत होते, काळ्या शेळ्या चारत होते.

ही शेळी मुळातून समजून घ्यावी अशी आहे. दोन-चार दिवसांतून एकदा पाणी मिळालं तरी ती तग धरते. तेवढ्यात तिचं वजन पाव हिश्श्यानं घटू शकतं. याच्या निम्म्या घटीनं माणसाच्या जिवावर बेततं. विहिरीवर आली की काही मिनिटांत ती वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी पिते. इतकं पाणी एकदम रक्तात उतरलं तर परासरणानं, म्हणजे पाणी पेशींच्या पडद्यातून आत शिरल्यानं, तांबड्या पेशी फुगून फुटतील. तसं होत नाही, कारण पाणी आधी कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात साठतं आणि तिथून हळूहळू झिरपतं. पाणी प्यायल्यावर लाळही भरपूर सुटते, रक्तातलं पाणी आणि सोडियम पुन्हा कोटीपोटात आणून सोडते. त्यामुळे रक्त पातळ होत नाही आणि मूत्रपिंडंही पाणी वाया घालवत नाहीत.

या कोटीपोटामुळे कळप पाण्यापासून कितीतरी दूर चरू शकतो. म्हणजे दूरची जमीनही वापरातली ठरते. कायद्याचं माप मात्र निराळं. तेव्हा तिथं उस्मानी तुर्कांचं राज्य होतं; त्यांच्या १८५८ च्या जमीन कायद्यानुसार वस्तीच्या टोकावरून मारलेली हाक जिथं पोचत नाही, ती जमीन 'मवात', म्हणजे मृत. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या ब्रिटिशांनी १९२१ मध्ये अशा जमिनीच्या नोंदणीला दोन महिन्यांची मुदत दिली. बहुतेक बेदुईनांनी नोंद केली नाही. पुढे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये याच व्याख्येवर त्यांचे दावे फेटाळले. तंबूंचा तळ वस्ती धरला गेला नाही. दख्खनची माळरानंही आपल्या सरकारी नोंदीत 'पडीक' असतात, तिथं धनगरांचे वाडे दरवर्षी उतरत असले तरी.

राष्ट्र उभारणाऱ्यांना रिकामी भूमी हवी होती, कारण ती फुलवायची होती. १९४८ च्या युद्धानंतर नेगेवमध्ये सुमारे ११,००० बेदुईन उरले. त्यातल्या बहुतेकांना ईशान्येच्या 'सियाग' नावाच्या पट्ट्यात गोळा करून १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली ठेवलं. १९५० मध्ये थेट शेळ्यांविरुद्ध कायदा झाला: शेळी झाडोरा खाते, वाळवंट वाढवते, म्हणून चराईवर बंधनं. बेसुमार चराईनं जमीन उजाड होते, हे खरंच. पण शेळी चरली नाही की सुकं झुडूप साठतं आणि ते वणव्याचं इंधन बनतं. उत्तर इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरावरच्या २०१० च्या वणव्यात ४४ माणसं गेली. हा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, तेव्हा वणव्यांचं कारण पुढे होतं.

नेगेवमधलं अल-अराकीब हे बेदुईनांचं गाव जुलै २०१० मध्ये पाडलं गेलं. गावकरी पुन्हा झोपड्या उभारत राहिले; पाडकाम आजवर २०० हून अधिक वेळा झालं आहे.